हात आला, सुरुवात येईना: मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतरचं एक वर्ष

रुग्ण 42 वर्षांची शेतकरी बाई, यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावची. घरी नवरा, सासू, बारावीतला मुलगा, आठवीतली मुलगी. पाच एकरांत कापूस, त्यात तुरीची तासं, थोडं सोयाबीन. बीपी-शुगर काही नाही, उजव्या हाताची. नाव-गाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. टाके निघाल्यावर ही केस माझ्याकडे आली.

लिहून काढावीशी वाटली, कारण यात बिघडलेलं असं काही नव्हतं. गाठ सौम्य निघाली, शस्त्रक्रिया नीट झाली, जखम भरली. कागदावर बाई बरी. तरीही वर्षभरात दर दोन-तीन महिन्यांनी त्या घराने "गाठ परत आली" म्हणून हाय खाल्ली. प्रत्येक वेळी कारण दुसरंच होतं, आणि शोधलं तर सापडण्यासारखं होतं.

निदानापर्यंत

सुरुवात उजव्या पायाच्या अंगठ्यापासून झाली. बसल्या बसल्या अंगठा उडायचा, मिनिटभरात थांबायचा, मग पाय घटकाभर जड व्हायचा. पायाची तक्रार म्हटली की आपल्याकडे आधी कंबर पाहतात. कमरेचा एक्स-रे झाला, नसेच्या गोळ्या झाल्या, पट्टा झाला; पाच-सहा महिने त्यात गेले. माघात हरभरा सोंगताना मोठा झटका आला. शेजारच्या तासावरच्या जावेने तो पाहिला आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला एकाच क्रमाने सांगितला: आधी अंगठा, मग पोटरी, मांडी, मग हात, मग तोंड वाकडं, मग शुद्ध गेली.

हा क्रम फार मोलाचा. मेंदूत हालचालीच्या जागा ठरलेल्या असतात, आणि पायाची जागा दोन्ही गोलार्धांमधल्या फटीत, आतल्या अंगाला असते. पायातून वर चढत जाणारा झटका म्हणजे विरुद्ध बाजूला त्या फटीत काहीतरी आहे. एकोणिसाव्या शतकात ह्युलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांनी, स्कॅनचा पत्ता नसताना, झटक्यांच्या अशाच चढत्या क्रमावरून हे ताडलं होतं. जाऊ चौथीपर्यंत शिकलेली, पण तिची साक्ष कमरेच्या एक्स-रेपेक्षा कामाची ठरली.

मोठ्या माणसाला पहिला झटका आला की आपल्या भागात डॉक्टरांच्या मनात आधी टीबीची नाहीतर फीतकृमीच्या अळीची गाठ येते. सीटीत दिसली ती वेगळी: डाव्या बाजूला, मध्यरेषेला चिकटलेली, साधारण 5 सेंटीमीटरची, रेखीव काठाची. मेनिन्जिओमा. ही गाठ मेंदूच्या आवरणातून वाढते, बायकांत जास्त आढळते, आणि दहातल्या आठेक गाठी पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे सौम्य असतात. घरच्यांनी यातलं "कॅन्सर नाही" एवढंच धरून ठेवलं, आणि ते बरोबरच होतं.

शस्त्रक्रिया नागपूरला झाली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. यांचं रेशनकार्ड पांढरं. तेव्हा यवतमाळ धरून 14 जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ही योजना मिळायची, हे यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने सातबारा मागितला, तेव्हा कुठे विकायला काढलेली बैलजोडी दावणीला राहिली.

गाठ निघाली. मात्र मध्यरेषेवरून मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर जाते. तिच्या भिंतीला चिकटलेला पातळ थर सर्जननी जाणून तसाच ठेवला. ती शीर दुखावली तर जिवावर बेततं. हा उरलेला थर पुढे घरच्यांच्या प्रत्येक भीतीच्या मुळाशी होता.

पदर

दुसऱ्या दिवशी बाईने डोळे उघडले, माणसं ओळखली, पण बोलेना. उजवा हात-पाय हलेना. तातडीने सीटी झाला, रक्तस्राव नव्हता. नवरा म्हणाला, "चालत आनली होती, लकवा करून ठेवला." ऐकणाऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं.

गाठ जिथे बसली होती, तिथून जरा पुढे हालचालीला सुरुवात करून देणारा भाग असतो. त्याला सप्लिमेंटरी मोटर एरिया म्हणतात. शस्त्रक्रियेत त्याला धक्का बसला की माणूस मुका होतो आणि विरुद्ध बाजूचं अंग थंडावतं. नसा शाबूत, स्नायू शाबूत, फक्त आतून "चल" असा हुकूम सुटत नाही. 1977 साली फ्रान्समध्ये लाप्लान आणि सहकाऱ्यांनी याचं नीट वर्णन केलं. बहुतेकांत हे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येतं. मागे राहू शकते ती दोन्ही हातांनी मिळून करायच्या कामातली अडखळ, आणि आपणहून काही सुरू करण्यातला जडपणा.

याची खूण एक अशी की सांगून हात हलत नाही, पण नकळत हलतो. चौथ्या दिवशी तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, वॉर्डात भेटायला आले. सकाळीच डॉक्टरांनी "हात उचला" म्हणून तीनदा सांगितलं होतं आणि बोटही हललं नव्हतं. भासरे दारात दिसले आणि तोच उजवा हात उठला, खांद्यावरचा पदर धरला आणि डोक्याच्या पट्टीवर ओढून घेतला. मग पुन्हा पडून राहिला. नवरा धावत डॉक्टरांना सांगायला गेला. मला हे सांगताना तो अजून चकित होता: "मॅडम, हात मेला होता तं पदर कोनं घेतला?" डॉक्टरांनी त्याला पाठ थोपटून सांगितलं म्हणे, की आता हात येणार. जन्मभराच्या सवयीची हालचाल वेगळ्या वाटेने निघते. मुद्दाम करायची हालचाल तेवढी अडली होती.

दहाव्या दिवसाच्या आसपास पुटपुटत शब्द आले. सुट्टी झाली तेव्हा ती वॉकर धरून, नवऱ्याच्या आधाराने, दहा-बारा पावलं टाकत होती.

वैशाखातलं घर

घरी आली ती ऐन उन्हाळ्यात, पारा 44-45 अंशांवर. व्यायाम सूर्य उगवायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. पहिल्या भेटीत तिने विचारलं ते हातापायाबद्दल नव्हतंच. चावताना डोक्यात टिकटिक वाजते, ते हाड सुटलं का? कापून परत बसवलेलं हाड सांधेपर्यंत काहींना असा आवाज येतो. टाक्यांच्या मागची कातडी महिनोन् महिने बधिर राहते, कंगवा फिरवला तर दुसऱ्याच्या डोक्यावर फिरल्यासारखा. हाड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या टायटॅनियमच्या असतात; त्यांनी एमआरआयला अडचण येत नाही आणि त्यांच्यावर वीजही पडत नाही. हा दुसरा प्रश्न सासूचा.

पहिली हाय स्टिरॉइडची. सूज उतरवायला डेक्सामेथासोन दिलं होतं. त्याने भूक खवळली, रात्री दोनला उठून भाकर मागायची, झोप नाही, साखर 260 वर. पण अंगात तरतरी होती, त्यामुळे घर खूश. गोळी कमी होत होत बंद झाली आणि बाई गळाली. अंग दुखे, जेवण नको, खाटेवरून उठेना. तीन-चार दिवसांत पार बदलल्यासारखी. गावात ज्याने त्याने निदान केलं. फोनवर सर्जनच्या टीमला विचारलं, रक्त तपासलं, आणि आठवडाभराने ती हळूहळू सावरली. स्टिरॉइड उतरवताना बऱ्याच जणांना असं होतं. उलट्या, चक्कर, बीपी पडणं असलं तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डिस्चार्ज कार्डावर गोळी कशी उतरवायची ते लिहिलेलं असतं. उतरवताना काय वाटेल, हे एका ओळीत लिहिलं तर किती फोन वाचतील.

दुसरी रागाची. आयुष्यात सासूला उलटून न बोललेल्या बाईने ताट भिरकावलं. नंतर रडली. "स्वभाव बदलला, मेंदूच कापला ना," असं नातेवाईक तिच्यासमोर बोलत. झटक्यांसाठी तिला लेव्हेटिरासिटाम सुरू होतं आणि चिडचिड हा त्या गोळीचा चांगलाच माहीत असलेला त्रास आहे. शस्त्रक्रिया झालेला भागही कपाळामागचा, तेव्हा दोन्हींचा वाटा असणार. नवरा गोळीच बंद करायला निघाला होता. त्याला थांबवणं हे त्या आठवड्यातलं माझं मुख्य काम. डॉक्टरांनी हळूहळू दुसऱ्या औषधावर आणलं, आणि आखाडापर्यंत पारा बराच उतरला.

मधल्या काळात हातापायाने छान साथ दिली. मृगाच्या पावसापर्यंत वॉकर सुटला, नागपंचमीपर्यंत एकटी अंगणात फिरायला लागली. तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये तो पातळ थर होता तसाच होता. पोळ्याला तिने स्वतः बैलांना ओवाळलं.

महालक्ष्म्या

भाद्रपदात महालक्ष्म्या. विदर्भातल्या घरात या तीन दिवसांचा स्वयंपाक म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको: पुरण, आंबील, सोळा भाज्या, आणि गावभर जेवायला. घरात बाई उभी आहे म्हटल्यावर ती उभी राहिलीच. दोन रात्री धड झोप नाही, उपास, आणि गोळ्यांची पाकिटं देवीच्या मखरामागे सरकलेली. जेवणाच्या दिवशी पहाटे झटका आला.

आधीच समजावून ठेवलेलं मुलाने केलं. आईला कुशीवर वळवलं, जवळची गरम परात ओढली, घड्याळ पाहिलं, तोंडात काही घालू दिलं नाही. कुणीतरी कांदा फोडून आणला होता, त्याला परत पाठवलं. झटका दोन मिनिटांत थांबला. पाच मिनिटांपुढे गेला असता, किंवा शुद्ध न येता दुसरा आला असता, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आणि मग थेट दवाखाना, असं ठरलेलं होतं.

खरा घाव पुढे. शुद्ध आली, पण उजवा पाय पुन्हा लुळा, बोलणं पुन्हा बंद. पाच महिन्यांची कमाई एका पहाटेत गेली असं घराला वाटलं. सासूने देवीसमोर डोकं टेकलं ते उचलेना. झटक्यानंतर मेंदूचा तो भाग थकून काही तास, क्वचित दीड-दोन दिवस बंद पडतो. याला टॉडचा लकवा म्हणतात आणि तो आपोआप उतरतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाय परत आला, संध्याकाळी बोलली. सीटीत नवीन काही नव्हतं. कारण उघड होतं: हुकलेल्या गोळ्या आणि जागरण, दोन्ही झटक्याला आमंत्रण देणारे.

पाय परत आला, मन मात्र आलं नाही. पंधरा-वीस दिवस ती व्यायामाला नाही म्हणत राहिली. "कायले करू? पुन्हा जाईनच ना." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पुन्हा झटका येणारच नाही असं कोणी सांगू शकत नाही. हाताशी होती ती व्यवस्था. सकाळची गोळी डेअरीत दूध घालायला निघायच्या आधी, रात्रीची मुलाच्या मोबाईलच्या गजरावर, आणि पाकिटं मुलीच्या ताब्यात. घरात किमान पंधरा दिवसांचा साठा, कारण नाल्याला पूर आला की एसटी येत नाही. चूल एकटीने पेटवायची नाही, विहिरीवर आणि नाल्यावर एकटीने जायचं नाही, उपासाला गोळी चालते. शेवटचं पटवायला गावातल्या महाराजांना मध्ये घ्यावं लागलं. त्यांनी एका वाक्यात मिटवलं आणि माझ्या महिनाभराच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागू पडलं!

पैशाचं इथेच लिहिते. शस्त्रक्रियेचा खर्च योजनेने उचलला. पुढच्या गोळ्या, तपासण्या, नागपूरच्या फेऱ्या, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी हे सगळं घरावर. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा आधार झाला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा असं अनेकांनी सुचवलं. सवलतींना 40 टक्के लागतात, आणि हाताची पकड व पायाची ताकद मोजली तर ती त्यात बसत नाही. तिला खरोखर जे अपंग करत होतं ते ताकद मोजून सापडणारं नव्हतं.

परातीसमोर

दसऱ्याच्या सुमाराला सासूने मला बाजूला घेऊन सांगितलं: "पह्यले हात चालत नव्हता तं समजत होतं. आता चालते ना हात, मंग बसून काऊन राह्यते?"

मी एका सकाळी मुद्दाम स्वयंपाकाच्या वेळी गेले. परातीत ज्वारीचं पीठ, बाजूला गरम पाणी, तवा तापलेला. बाई परातीसमोर बसलेली, हात मांडीवर. पाच मिनिटं गेली. नजर पिठावर, चेहरा शांत. सासू ओट्यावरून पाहत होती आणि तिला दिसत होता आळस. मी विचारलं, "ताई, काय होतंय?" थांबून थांबून म्हणाली, "समजते सगळं. पीठ दिसते, पानी दिसते. हात कोनीतरी लावून द्यावं असं वाट्टे." मी तिचा हात धरून पाण्यात बुडवला आणि पिठावर ठेवला. पीठ मळलं गेलं, गोळा झाला, भाकर थापली गेली. दुसरीही झाली. मग मुलगी काही विचारायला आली, ओघ तुटला आणि हात पुन्हा मांडीवर.

पदराची गोष्ट तेव्हा मी सासूला परत सांगितली. तोच भाग, तीच अडचण, फक्त आता ती कामाच्या तोंडाशी आली होती. आतून सुरुवात होत नाही, बाहेरून इशारा मिळाला तर होते. हे एकदा कळल्यावर उपचाराची दिशा बदलली. ताकदीचे व्यायाम कमी केले. अंगणात पावलाच्या अंतरावर चुन्याच्या रेघा ओढल्या. दारातून निघताना अडणारा पाय रेघ दिसली की उचलला जाई. भाकरीला सासूने बसायचं आणि पहिला गोळा स्वतः करायचा, दुसरा सुनेने. आठवडाभरात सासूच्या नुसत्या "हं" म्हणण्यावर हात चालू व्हायला लागला. काम चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम मुलांना सगळ्यात जड गेला.

थकव्याचं समजावणं याहून अवघड. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा थकवा झोपेने पुरता जात नाही आणि काम करताना कळतही नाही. हप्ता दुसऱ्या दिवशी वसूल होतो. सोमवारी बरं वाटलं म्हणून तिने दोन बादल्या धुणं धुतलं की मंगळवारी शब्द सापडत नसत, पाय घासत चालायची, आणि घरात पुन्हा "गाठ" सुरू. महिनाभर मुलीने वहीत रोज दोनच गोष्टी लिहिल्या: आज आईने काय काम केलं, आणि आई कशी होती. पानं उलटली तेव्हा वाईट दिवसाच्या आदल्या दिवशी जवळजवळ नेहमी मोठं काम किंवा पाहुणे निघाले. त्या वहीने नवऱ्याची झोप परत आणली असं तोच म्हणतो. मात्र वहीत न बसणाऱ्या गोष्टीही त्याला पाठ करून दिल्या आहेत: सकाळी वाढणारी डोकेदुखी आणि उलटी, जखमेतून पाणी, ताप, एका पोटरीला सूज, वाढतच जाणारी गुंगी. यातलं काही दिसलं तर कारण शोधत बसायचं नाही, त्याच दिवशी गाडी करायची.

वेचणी

कापूस वेचणं हे तिच्या उरलेल्या अडचणीवर नेमकं बोट ठेवणारं काम निघालं. वेचणारी बाई दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर चालवते, नजर तिसऱ्या बोंडावर, आणि कापूस कमरेच्या ओटीत कधी पडतो ते तिलाही कळत नाही. हिचा डावा हात चालला की उजवा थबकायचा. आम्ही पऱ्हाटीची फुटलेल्या बोंडांची फांदी आणून खाटेच्या पायाला बांधली. आधी नुसता उजवा हात, मग नुसता डावा, मग आळीपाळीने, मोजत. दोन्ही एकदम जमायला दिवाळी उलटली.

शेतात जाऊ एक पाऊल पुढच्या तासावर राहते. तिचे हात चालताना दिसले की हिचे चालतात. वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा, मग घर. पूर्वी दिवसाला 30-35 किलो वेचायची, आता 9-10 होतो. घरच्या शेतात चालून जातं. दुसऱ्याच्या शेतात वेचणी किलोवर असते, तिथे जायचा तिने यंदा हट्ट धरला होता. थोडी मजुरी मिळाली, पण दोन दिवस खाटेवर गेले, आणि तिने स्वतःच हिशेब करून ते सोडलं. फवारणीला जायचं नाही, हे डॉक्टरांनी वेगळं बजावलं आहे.

वर्षाच्या एमआरआयमध्येही उरलेला थर वाढलेला नाही. पुढचा एका वर्षाने. महालक्ष्म्यांनंतर झटका नाही. गोळ्या कमी करायचा विचार सलग दोन वर्षं झटक्याविना गेल्यावर, तोही डॉक्टर ठरवतील. बोलणं संथ आहे, गर्दीत गप्प होते. राग येतो, पण ताट भिरकावलं जात नाही. मुलगा जूनमध्ये शिकायला अमरावतीला जाईल, तेव्हा रात्रीच्या गजराचा मोबाईलही जाईल. मुलीला साधा फोन घेऊन द्यायचं ठरलं आहे. यंदाच्या महालक्ष्म्या कुणाच्या घरी बसवायच्या, यावर मात्र दोन्ही जावांचं अजून जमलेलं नाही. धाकटीला आपल्याच घरी हव्यात, मोठी म्हणते आमच्याकडे आणा, स्वयंपाक मी पाहते.